संगणकाला एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नसेल तर काय करावे

संगणकाला हार्ड डिस्क दिसत नाही याचा अर्थ तिच्यातला मजकूर गेला असा होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असे समजून घाबरलेला माणूस जी बटणे दाबतो, त्यांनीच पुष्कळदा खरे नुकसान होते. घरातले लग्नाचे फोटो, मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ, सोसायटीचे वीस वर्षांचे हिशेब अशा गोष्टी आज आपण तळहाताएवढ्या डबीत ठेवतो. ती डबी एखाद्या दिवशी मुकी झाली तर कोणत्या क्रमाने काय पाहावे, आणि काय मुळीच करू नये, हे अगदी नवख्या वाचकालाही कळावे यासाठी हा लेख लिहिला आहे.

डिस्क जोडल्यापासून पडद्यावर फोल्डर दिसेपर्यंत मध्ये बऱ्याच कड्या असतात. संगणकाचा यूएसबी पोर्ट, मग केबल, मग डिस्कच्या केसिंगमधले छोटे सर्किट, त्यानंतर प्रत्यक्ष डिस्कची मोटर आणि तिच्या चकत्यांवरून फिरणारी वाचकशीर्षे म्हणजे हेड्स, पुढे डिस्कवरच्या भागांचा तक्ता म्हणजे पार्टिशन टेबल, मग फाइलींची मांडणी ठेवणारी फाइल सिस्टिम, आणि शेवटी विंडोजने दिलेले ई किंवा एफ असे अक्षर. यांपैकी कोणतीही एक कडी सुटली तरी आपल्याला बाहेरून लक्षण एकच दिसते, ते म्हणजे डिस्क दिसत नाही. म्हणून कोणती कडी सुटली आहे हे बाहेरून आत असे एकेक करून तपासावे लागते.

त्याआधी एक नियम मनाशी पक्का करावा. आपण डिस्कला जे काही करतो त्याचे दोन प्रकार असतात. काही कृती फक्त पाहतात, उदाहरणार्थ केबल बदलणे, दुसऱ्या संगणकाला जोडणे, विंडोजमधली डिस्क मॅनेजमेंट ही खिडकी उघडून स्थिती वाचणे. काही कृती डिस्कवर लिहितात, उदाहरणार्थ फॉरमॅट म्हणजे डिस्क नव्याने कोरी करणे, इनिशिअलाइझ म्हणजे तिच्यावर नवा पार्टिशन टेबल लिहिणे, चेकडिस्क ही विंडोजची तपासून दुरुस्त करणारी सोय, किंवा इंटरनेटवर सापडलेले एखादे ‘दुरुस्ती’ सॉफ्टवेअर. मजकुराची प्रत दुसरीकडे सुखरूप जाईपर्यंत पहिल्या प्रकारापलीकडे जाऊ नये. डिस्क पैसे देऊन नवी मिळेल, पण तिच्यातले फोटो कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.

सुरुवात कानाने करावी

पंखा आणि टीव्ही बंद करून डिस्क जोडावी आणि कान जवळ नेऊन अर्धा मिनिट ऐकावे. चांगली डिस्क हलका घोंघावणारा आवाज करत फिरू लागते, सुरुवातीला एखादा बारीक ‘टक्’ होतो आणि मग एकसारखी लय लागते. बोटांना केसिंगमध्ये किंचित थरथर जाणवते. हे सर्व ठीक असेल तर मोटर आणि हेड्स बहुधा शाबूत आहेत, आणि पुढचे सर्व टप्पे करून पाहण्यास हरकत नाही. आवाजच नसेल, थरथरही नसेल, तर वीज पोहोचत नसण्याची शक्यता आधी धरावी. थांबून थांबून ‘पीं पीं’ असा बारीक आवाज येत असेल तर मोटरला फिरायचे आहे पण जमत नाही असे समजावे. तिला वीज अपुरी पडत असेल, किंवा हेड्स चकतीला चिकटून बसली असतील. आणि ‘टक्-टक्-टक्’ असा घड्याळासारखा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर हेड्सना आपली जागा सापडत नाही. अशा वेळी केबल त्याच क्षणी काढावी आणि पुन्हा जोडू नये.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या, आणि पावसाळी दमटपणाने त्या कॅसेटना बुरशी धरू लागली तेव्हा मी त्या संगणकावर घेऊन एका पोर्टेबल डिस्कवर ठेवल्या. एकच प्रत होती. ती डिस्क चालू असताना टेबलावरून पडली आणि टक्-टक् करू लागली. मला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून मी संध्याकाळभर ती काढून पुन्हा लावत राहिलो, दर वेळी या वेळेस चालेल अशा आशेने. दुसऱ्या दिवशी डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाने डिस्क उघडून मला चकतीवर उमटलेले राखाडी वर्तुळ दाखवले. पडल्यावर हेड मोडले होते, आणि त्या संध्याकाळी मी प्रत्येक वेळी वीज दिली तेव्हा ते मोडके हेड चकतीवरचा चुंबकीय थर खरवडत होते. पहिल्या आवाजालाच थांबलो असतो तर बऱ्याच ओव्या मिळाल्या असत्या, असे तो म्हणाला.

केबल आणि पोर्ट

आवाज नीट असेल तर संशय सर्वांत आधी केबलवर घ्यावा. पोर्टेबल डिस्कच्या पुष्कळ केबलींचे डिस्ककडचे टोक चपटे आणि रुंद असते, आणि त्याचे मध्ये खाच असलेले दोन भाग दिसतात. हे टोक नाजूक असते. केबल वाकवून पिशवीत कोंबली, डिस्क लटकत राहिली, की आतले जोड ढिले होतात. टोक पूर्ण आत गेले आहे ना हे पाहावे, आणि शक्य असेल तर तशीच दुसरी, चालू असल्याची खात्री असलेली केबल लावून पाहावी.

याबाबत आमच्या गिरगावातल्या चाळीतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. उत्सव मंडळाचे चिटणीस एके संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक टीबीची डिस्क घेऊन आले. तिच्यात गणपतीच्या आरासांचे चाळीस वर्षांचे स्कॅन केलेले फोटो होते. ‘दिवा लागतो, फिरतेही, पण कॉम्प्युटरला कळत नाही. दुकानात दाखवली तर डिस्क गेली म्हणाले,’ असे ते सांगत होते. मी केबल हातात घेतली तर ती जुन्या मोबाइलची होती. मूळ केबल हरवली होती आणि मोबाइलची केबल डिस्कच्या रुंद खोबणीच्या मोठ्या अर्ध्यात नेमकी बसत होती. अशी केबल बसतेच, कारण खोबणी तशी मुद्दाम बनवलेली असते, आणि साधारण मोबाइल केबलने डिस्क सावकाश का होईना चालते. पण बाजारात फक्त चार्जिंगच्या केबलीही मिळतात, त्यांच्यात विजेच्या दोनच तारा असतात आणि माहिती वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे डिस्कला वीज मिळत होती, दिवा लागत होता, चकती फिरत होती, आणि संगणकाला मात्र तिच्या असण्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, योग्य केबल आणली आणि सगळे फोल्डर उघडले. केबल आणायला जाताना डिस्कची जुनी केबल किंवा डिस्कच्या खोबणीचा स्पष्ट फोटो सोबत न्यावा. नुसते ‘हार्ड डिस्कची केबल द्या’ म्हटले तर तीन-चार प्रकार समोर येतात.

केबलनंतर पोर्ट. टेबलावरचा संगणक असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरावा. पुढचे पोर्ट आतल्या एका लांब वायरने मदरबोर्डला म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डला जोडलेले असतात आणि मागचे थेट त्यावरच असतात. मध्ये हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण, असेल तर तो काढून डिस्क सरळ जोडावी. पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहावे. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने धातूच्या पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर येतो, आणि तो असेल तर निदान दुसरा पोर्ट तरी वापरून पाहावा. पोर्टमध्ये सुई, टाचणी घालून खरवडू नये.

मग डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी. या एका चाचणीने निम्मा उलगडा होतो. तिथे चालली तर दोष आपल्या संगणकात आहे आणि मजकूर सुरक्षित आहे, तेव्हा दुरुस्तीच्या मागे न लागता त्याच संगणकावरून आधी प्रत करून घ्यावी. दोन संगणकांवर, दोन केबलींनी ती सारखीच अडत असेल तर दोष डिस्ककडे आहे असे धरून पुढे जावे.

वीज पुरते का

खिशात मावणाऱ्या डिस्क अडीच इंची असतात आणि त्यांना सगळी वीज यूएसबीतूनच मिळते. जुना यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० देतो, आणि थांबलेली चकती गती घेण्याच्या क्षणी काही डिस्कना याहूनही जास्त लागते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर, किंवा माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह असे सगळे एकाच साध्या हबवर लावले असताना, डिस्क फिरू लागते, अडते, पुन्हा प्रयत्न करते. निळ्या रंगाचा किंवा ‘एसएस’ अशी खूण असलेला पोर्ट वापरावा, आणि हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा.

टेबलावर उभ्या राहणाऱ्या मोठ्या डिस्क साडेतीन इंची असतात आणि त्यांना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. येथे फार जपावे. आपल्या घरांत राउटर, सेट-टॉप बॉक्स, जुना लॅपटॉप यांचे अडॅप्टर एकाच खणात पडलेले असतात आणि त्यांच्या गोल पिना एकमेकांत बसतात. लॅपटॉपचा अडॅप्टर सहसा १९ व्होल्टच्या आसपासचा असतो, आणि तो चुकून लागला तर डिस्कचा बोर्ड जळू शकतो. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असला तरी कित्येकदा एकाच अँपिअरचा असतो, आणि तेवढ्यावर मोठी डिस्क सुरू होतेच असे नाही. अडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’ पुढे छापलेले व्होल्ट आणि अँपिअर हे डिस्कच्या खाली छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात.

विंडोजच्या पडद्यावर काय पाहावे

आधी संगणक एकदा नव्याने सुरू करावा, आणि तो ‘शट डाउन’ करून नव्हे तर ‘रीस्टार्ट’ करून. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर शट डाउन केल्यावरही यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, आणि अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते.

त्यानंतर पडद्याच्या खालच्या पट्टीवरील स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. ही खिडकी नवख्याला घाबरवते, पण तिच्याकडे नुसते पाहण्याने काही बिघडत नाही. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. त्यांतली आपली कोणती हे आकारावरून ओळखावे. कंपनी एक टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजते, म्हणून एक टीबीची डिस्क येथे ९३१ जीबी दिसते आणि पाचशे जीबीची ४६५. आकार कमी दिसला म्हणून काही हरवले असे समजू नये. डिस्क काढल्यावर जी पट्टी नाहीशी होते आणि लावल्यावर परत येते, ती आपली. ही ओळख पक्की झाल्याशिवाय येथे कशावरही क्लिक करू नये, कारण बाजूचीच पट्टी संगणकाच्या स्वतःच्या डिस्कची असते.

ही खिडकी उघडताच ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ अशी विचारणा आपोआप आली तर ‘कॅन्सल’ करावे. जुन्या, भरलेल्या डिस्कवर ही विचारणा आली याचा अर्थ विंडोजला तिचा पार्टिशन टेबल वाचता येत नाही एवढाच असतो. ‘ओके’ म्हटले की त्या जागी नवा कोरा तक्ता लिहिला जातो. मजकूर त्याने पुसला जात नाही, पण तो शोधणे अधिक अवघड होते.

आता आपल्या पट्टीत काय लिहिले आहे ते वाचावे. सर्वांत सोपा प्रकार असा की भाग निळ्या पट्टीसह ‘हेल्दी’ दिसतो, त्यावर एनटीएफएस किंवा एक्सफॅट असे फाइल सिस्टिमचे नाव लिहिलेले असते, फक्त पुढे अक्षर नसते. त्या भागावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडावे, ‘ॲड’ करावे आणि पी किंवा आरसारखे शेवटाकडचे अक्षर द्यावे. ऑफिसच्या लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्हने ई, एफ ही अक्षरे आधीच अडवलेली असतात, तिथे हा घोळ नेहमी होतो. अक्षर दिल्याने फाइलींना काही होत नाही. डिस्कच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ लिहिलेले असेल तर त्या नावावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करावे. भागावर कुलपाचे चिन्ह किंवा ‘बिटलॉकर’ हा शब्द असेल तर डिस्क बिघडलेली नाही, ती कुलूपबंद आहे. पासवर्ड आठवत नसेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधावी. कुलूप लावताना ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवली किंवा छापून घेतली असण्याची शक्यता असते.

‘रॉ’ हा शब्द दिसला तर अधिक सावध व्हावे. भाग सापडला आहे, पण त्यावरची फाइल सिस्टिम विंडोजला समजत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशाच डिस्कवर डबल क्लिक केले की ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो, आणि त्यात ‘फॉरमॅट डिस्क’ हे बटण अगदी समोर असते. ते दाबू नये. क्विक फॉरमॅट झाले तर फाइलींची यादी जाते आणि मजकूर बराचसा जागेवर राहतो, म्हणजे निदान आशा उरते. पण क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर विस्टा या आवृत्तीपासून पुढचे विंडोज साऱ्या डिस्कवर शून्ये लिहीत जाते, आणि त्यानंतर कोणीही काही परत आणू शकत नाही.

रॉ किंवा तसलाच संदेश दिसला की स्वतःला पहिला प्रश्न विचारावा, ही डिस्क शेवटची कुठे वापरली होती? लग्नाचा फोटोग्राफर, जाहिरात संस्थेत काम करणारी मुलगी किंवा भाचा अशा कोणी ती मॅकवर म्हणजे ॲपलच्या संगणकावर भरून दिली असेल, तर ती मॅकच्या स्वतःच्या पद्धतीची असू शकते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. पट्टीच्या सुरुवातीला २०० एमबीचा छोटा ईएफआय भाग दिसला तर हा संशय बळकट होतो. अशा वेळी कोणाचा तरी मॅक मिळवून डिस्क त्याला लावावी, आणि तिथून मजकूर एक्सफॅट पद्धतीच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. ती दोन्हीकडे चालते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पट्टीच आली नाही तर त्याच स्टार्ट बटणाच्या यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘डिस्क ड्राइव्ह्ज’ आणि ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या दोन फांद्या उघडून पिवळा त्रिकोण कुठे आहे का पाहावे. त्यावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करता येते, मग केबल काढून संगणक रीस्टार्ट करावा आणि डिस्क पुन्हा जोडावी. अनइन्स्टॉल या शब्दाला घाबरू नये. त्याने विंडोजकडची त्या उपकरणाची नोंद निघते, डिस्कवरचा मजकूर नव्हे. डिस्क थोडा वेळ दिसून मग नाहीशी होत असेल तर ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते, तिच्यापुढची खूण काढावी. आणि ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे येत असेल, तर संगणकाला काहीतरी जोडल्याचे कळते पण ते आपली ओळख सांगत नाही. केबल आणि पोर्ट बदलूनही तसेच राहिले तर केसिंगमधल्या छोट्या सर्किटकडे बोट जाते.

मॅकवर

मॅकवर दोन साध्या गोष्टी आधी पाहाव्यात. फाइंडरच्या सेटिंगमध्ये बाहेरील डिस्क डेस्कटॉपवर दाखवण्याची खूण काढलेली असू शकते. अलीकडच्या लॅपटॉपवर नवे उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते आणि ती नजरचुकीने नाकारलेली असू शकते. मग ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करावे. नाव फिकट दिसत असेल तर ‘माउंट’ दाबावे. डिस्क आधी नीट न काढता ओढली गेली असेल तर मॅक तिची तपासणी मागे आपली आपण सुरू करतो आणि ती संपेपर्यंत डिस्क दाखवत नाही, आणि मोठ्या डिस्कला यात बराच वेळ लागतो, तेव्हा पंधरा मिनिटांत निष्कर्ष काढू नये. ‘फर्स्ट एड’ डिस्कवर लिहिते, म्हणून तेही प्रतीनंतर. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर उघडते पण तिच्यात काही ठेवता येत नाही. हा बिघाड नव्हे.

पडलेली, भिजलेली, गार झालेली डिस्क

पडलेल्या डिस्कचा आवाज वर सांगितल्याप्रमाणे ऐकावा, आणि तो वेगळा असेल तर तिथेच थांबावे. भिजलेल्या डिस्कला मात्र ऐकण्यापुरतीही वीज देऊ नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यांवरची कपाटे पाण्यात गेली. तेवढे सोडले तरी दर पावसाळ्यात या शहरात कोणाची ना कोणाची बॅग भिजतेच. पुराचे पाणी घाण असते, ते सुकले की मीठ आणि गाळ मागे उरतो. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा यांपैकी काहीही करू नये. डिस्क आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर तज्ज्ञाकडे न्यावी.

एसीच्या गारव्यातून आणलेल्या डिस्कचेही भान ठेवावे. गार धातूवर बाहेरच्या दमट हवेचे बाष्प जमते, तसे ते बोर्डवरही जमू शकते. जून ते सप्टेंबरमध्ये डिस्क घरी आणली की अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, मग जोडावी. याच कारणाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला आपल्या हवेत विशेष घातक आहे.

केसिंग उघडून आतली डिस्क सरळ संगणकाला जोडावी असेही सुचवले जाते. साडेतीन इंची डिस्कमध्ये कधी ते साधते. पण आजच्या पुष्कळ पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे सर्किट डिस्कच्या बोर्डवरच असते, आत वेगळी जोडणी सापडतच नाही. काहींमध्ये तेच सर्किट मजकूर सांकेतिक करून ठेवते, त्यामुळे ते बाजूला केले की डिस्क वाचताच येत नाही. शिवाय सील तुटले की वॉरंटी जाऊ शकते. आणि खुद्द डिस्कचे झाकण तर घरी कधीच उघडू नये. हेड्स चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतात, आणि आपल्या खोलीतल्या हवेतला धुळीचा साधा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

तज्ज्ञाकडे देताना

टक्-टक् आवाज, पूर्ण शांतता, पाणी, किंवा दोन संगणकांवरही ओळख न लागणे, यांपैकी काही असेल आणि मजकूर मोलाचा असेल, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जावे. संगणक दुरुस्तीचे दुकान आणि डेटा रिकव्हरी हे वेगळे धंदे आहेत. डिस्क उघडावी लागली तर धूळमुक्त खोली आहे का, काही मिळाले नाही तर किती पैसे घेणार, अंदाज लेखी देणार का, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्यापूर्वी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत मिळणार का, हे सर्व आधी विचारावे. ‘बोर्ड बदलून देतो’ असे कोणी चटकन म्हटले तर जुन्या बोर्डवरची मेमरी चिप नव्यावर हलवणार का, असे विचारावे. प्रत्येक डिस्कच्या खास जुळणीचे आकडे त्या चिपमध्ये असतात, आणि नुसता सारखा दिसणारा बोर्ड लावून आजच्या डिस्क सहसा चालत नाहीत. मुलींचे, घरचे खाजगी फोटो असतील तर ते कोण पाहणार हे विचारण्यातही संकोच करू नये.

डिस्क दिसू लागली की

अक्षर मिळाले, फोल्डर उघडले, की लगेच जुने फोटो पाहत बसू नये. आधी प्रत करावी, आणि ज्याच्यावाचून चालणार नाही ते फोल्डर आधी घ्यावे. सगळे एकदम निवडून ओढले आणि मध्ये एक खराब फाइल आली तर सगळेच अडते, म्हणून फोल्डर एकेक करून घ्यावेत. यूएसबी ३.० वर भरलेल्या एक टीबीला तीन तासांच्या आसपास लागतात, यूएसबी २.० वर आठ-नऊ. बारीक फाइली हजारोंनी असतील तर याहूनही जास्त. लॅपटॉप चार्जिंगला लावावा, त्याची आपोआप झोपी जाण्याची (‘स्लीप’) सोय बंद करावी, आणि डिस्क कठीण सपाट जागेवर ठेवावी, गादीवर नव्हे.

अक्षर नाही पण आवाज उत्तम आणि स्थिती रॉ असेल, तर टेस्टडिस्क आणि त्याच्यासोबत येणारे फोटोरेक ही हरवलेला मजकूर शोधणारी मोफत साधने उपयोगी पडतात. फोटोरेक मूळ डिस्क फक्त वाचते. सापडलेल्या फाइली मात्र दुसऱ्याच डिस्कवर साठवाव्यात, त्याच डिस्कवर कधीही नाही. फाइलींची मूळ नावे बहुधा परत मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. डिस्क मधूनमधून अडत असेल, एका फाइलला मिनिटे लावत असेल, तर लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरणारा जाणकार शोधावा. ते साधन चांगला भाग आधी उचलते, अवघड जागा मागे ठेवते, आणि मध्ये थांबवावे लागले तरी नोंदीवरून पुढे सुरू होते.

प्रत झाली की तिच्यातल्या दहा-वीस फाइली वेगवेगळ्या फोल्डरांतून उघडून पाहाव्यात. व्हिडिओ मध्यापासून चालवून पाहावेत. मूळ आणि प्रत अशा दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधली फाइलींची संख्या जुळते का तेही पाहावे. चाळीच्या डिस्कच्या वेळी आम्हाला एका वर्षाचे अकरा फोटो कमी आढळले, आणि पुन्हा केवळ तेवढेच फोल्डर घेतल्यावर संख्या जुळली.

आता, आणि आताच, जुन्या डिस्कवर लिहिणाऱ्या कृती कराव्यात. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’च्या पानावरून ‘चेक’ चालवावे, किंवा सरळ फॉरमॅट करावे. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती पाहावी. त्या साधनात ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळींच्या शेवटच्या रकान्यातली किंमत शून्य असेल तर डिस्क पुन्हा वापरायला घ्यावी. सी५ शून्याहून जास्त असेल तर काही जागा वाचताना डिस्क आताच अडखळते आहे, आणि फॉरमॅटनंतर तो आकडा पुन्हा वाढू लागला तर अशा डिस्कवर सिनेमे ठेवावेत, एकुलती एक प्रत ठेवू नये.